करिंथच्या मंडळीचं भांडण

करिंथ हे दोनदा वसलेलं शहर. इ.स.पूर्व 146 मध्ये लुसियस मुम्मियस या रोमन सेनापतीने जुनं ग्रीक करिंथ जाळलं, पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली आणि तिथली शिल्पं, चित्रं, काशाची भांडी जहाजांत भरून रोमला नेली. नाट्यगृहात आवाज घुमावा म्हणून बसवलेले काशाचे घटसुद्धा त्याने सोडले नाहीत, असं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलं आहे. पुढची शंभर वर्षं ती जागा जवळपास ओसाड होती. इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत ठरवली आणि माणसं पाठवली ती मोठ्या संख्येने मुक्त केलेल्या गुलामांपैकी.

त्यामुळे नव्या करिंथमध्ये जुनी घराणी नव्हती. पैसा मात्र होता. पश्चिमेला लेखायोन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरं, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. दक्षिणेचा वादळी वळसा टाळायचा तर माल इथूनच या समुद्रातून त्या समुद्रात जाणार. शिवाय दर दोन वर्षांनी जवळच इस्थमियाच्या क्रीडास्पर्धा भरायच्या. ज्याच्या बापाचं नाव कोणी विचारू नये अशी परिस्थिती, असा माणूसही इथे वर चढू शकत होता, आणि चढला की ते दगडात कोरून ठेवत होता. नेयस बाब्बियस फिलिनस नावाच्या धनिकाने बाजारचौकाच्या टोकाला एक गोल स्मारक उभारलं. त्यावरच्या लेखाचा आशय असा: हे मी स्वखर्चाने बांधलं आणि नगराधिकारी या नात्याने मीच मंजूर केलं. लेखात त्याच्या वडिलांचं नाव नाही, म्हणून तो मूळचा गुलाम असावा असं अभ्यासक मानतात. 1929 मध्ये नाट्यगृहाजवळ अशीच एक फरसबंदी सापडली. एरास्तस नावाच्या कुणीतरी पद मिळाल्याबद्दल ती स्वतःच्या पैशाने घातली होती. नव्या करारात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी एरास्त नावाच्या नगराच्या कारभाऱ्याचा नमस्कार आहे. तो हाच की दुसरा, यावर विद्वान अजून भांडतात.

ख्रिस्ती धर्मातला प्रीतीवरचा सर्वांत प्रसिद्ध मजकूर, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, या शहरासाठी लिहिला गेला. हे शहर डोळ्यांसमोर नसेल तर तो अध्याय सुभाषितासारखा वाटतो. प्रत्यक्षात ते एका भांडणावर दिलेलं उत्तर आहे.

हे उत्तर लिहिणारा प्रेषित पौल इथे आला तो इ.स. 50 च्या सुमारास. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवलं होतं, त्यांपैकी अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं करिंथमध्ये तंबू शिवण्याचा धंदा करत होतं. पौलाचाही धंदा तोच. तो त्यांच्याकडे राहिला, काम केलं आणि सुमारे दीड वर्ष उपदेश केला. याच काळात त्याला गल्लियो या प्रांताधिकाऱ्यासमोर उभं करण्यात आलं. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी इथे सापडलेल्या क्लौद्याच्या एका पत्राच्या शिलालेखात त्याचं नाव आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द 51-52 च्या आसपासची ठरते. पौलाच्या चरित्रातल्या साऱ्या तारखा याच एका खुंटीला टांगलेल्या आहेत.

पौलाने पैसे घेतले नाहीत ही गोष्ट करिंथमधल्या काही जणांना खटकली. त्या काळी नामवंत वक्ता श्रीमंताच्या आश्रयाला राहायचा. त्यात दोघांचीही प्रतिष्ठा वाढायची. पौलाने हातांना राठ करणारा धंदा चालू ठेवला आणि कुणाचा आश्रित व्हायचं नाकारलं. उपदेशकाला पोसून घेण्याचा हक्क आहे हे तो स्वतःच पत्रात बारकाईने सिद्ध करतो, आणि मग सांगतो की तो हक्क मी वापरला नाही. तेराव्या अध्यायाचा सूर इथेच, नवव्या अध्यायात लागलेला आहे.

मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती समाज, जमायची ती कुणाच्या तरी घरी. सभासदांत थोडे पैसेवाले होते: सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प, मोठं घर असलेला गायस, स्तेफन. बाकी बहुतेक गुलाम, मुक्त झालेले गुलाम, कष्टकरी. रोमन घरातल्या भोजनाच्या खोलीत तीन कोच असत आणि त्यांवर रेलून नऊ माणसं जेवत. इतरांनी अंगणात सोय बघायची. कुणाला काय वाढायचं यातही पायऱ्या होत्या. पुढे धाकट्या प्लिनीने एका पत्रात अशाच यजमानाची नालस्ती केली आहे: स्वतःला आणि खास मित्रांना उत्तम पदार्थ, इतरांना उरलंसुरलं, आणि मद्यसुद्धा पाहुण्यांच्या दर्जाप्रमाणे तीन प्रतींचं. करिंथमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी हेच होऊ लागलं. काही जण आधी पोटभर जेवून झिंगायचे आणि काही उपाशी राहायचे. ज्या भोजनात सगळे एक आहेत असं म्हणायचं, तिथेच पंक्तिप्रपंच. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको.

पौल तेव्हा समुद्रापलीकडे इफिसात होता. ख्लोवे नावाच्या बाईची माणसं तिकडे गेली आणि त्यांनी सगळं सांगितलं. करिंथकरांनी स्वतःही काही प्रश्न लिहून पाठवले होते. उत्तरादाखल सुमारे 53 ते 55 या काळात हे लांबलचक पत्र गेलं. त्यात काय नाही? मंडळीत चार तट पडलेले, कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा, आणि काही जण आपण थेट ख्रिस्ताचेच म्हणून इतरांकडे तुच्छतेने बघणारे. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. एक जण बापाच्या बायकोबरोबर राहतोय आणि मंडळीला त्याची लाज नाही. शिवाय देवळात वाहिलेल्या पशूचं मांस खावं की नाही हा वाद.

या मांसाच्या वादात प्रीती पहिल्यांदा ज्ञानाच्या समोर उभी केली जाते. शिकलेल्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं: मूर्ती म्हणजे काहीच नाही, तर तिला वाहिलेलं मांसही साधं मांसच. पौल हा तर्क मान्य करतो. पण कालपरवापर्यंत त्याच देवळात मनोभावे डोकं टेकवणारा एखादा नवा माणूस तुम्हाला तिथे जेवताना पाहून गोंधळला, मोडला, तर तुमचं बरोबर असणं काय कामाचं? ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने दुसरा उभा राहतो, अशा अर्थाचं तो तिथे लिहितो. पत्रातल्या पुढच्या सगळ्या निवाड्यांना हीच फूटपट्टी आहे.

मग येतो कृपादानांचा, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांचा, प्रश्न. बाराव्या अध्यायात नऊ दानांची यादी आहे: सुज्ञतेचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, चमत्कार, संदेश देणं, आत्मे ओळखणं, अन्य भाषा बोलणं आणि त्या भाषांचा अर्थ सांगणं. करिंथमध्ये भाव होता तो अन्य भाषांना. प्रार्थनेच्या भरात माणूस अनोळखी शब्द बोलू लागतो, ते शब्द त्याला स्वतःलाही कळत नाहीत, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की याच्या तोंडून देवदूत बोलताहेत. हा प्रकार हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण ज्या गुलामाला दिवसभर तोंड उघडायची मुभा नाही, ज्या बाईचं मत कुणी विचारत नाही, त्यांच्या तोंडून देव बोलतो असं मंडळीने मानणं ही त्या समाजात केवढी उलथापालथ होती, हेही लक्षात घ्यायला हवं. दानाने बोलतं केलं. पण जिथे बाब्बियसासारखी माणसं स्मारकं उभारत होती, तिथे हे दानसुद्धा लवकरच मिरवायची वस्तू झालं. ज्याला अन्य भाषा येतात तो आत्मिक, बाकीचे कच्चे.

पौलाने इथे जी चाल केली ती मला फार आवडते. तो दानाला खोटं म्हणत नाही, उलट सांगतो की तुमच्या सर्वांपेक्षा जास्त अन्य भाषा मीच बोलतो. म्हणजे हेवा करणाऱ्याचा हा निकाल नाही. मग तो शरीराचं उदाहरण घेतो. ते त्याचं स्वतःचं नव्हे. इ.स.पूर्व 494 मध्ये रोमचे सामान्य लोक रुसून शहराबाहेर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून परत आणलं, अशी कथा लिव्हीने दिली आहे. तिचं तात्पर्य सत्ताधाऱ्यांच्या सोयीचं: हातापायांनी कुरकुर न करता राबावं, कारण पोटामुळेच सगळे जगतात. पौल ती गोष्ट उलटी करतो. डोळ्याने हाताला नको म्हणू नये, डोक्याने पायाला. जे अवयव दुबळे किंवा कमी मानाचे वाटतात त्यांना जास्त मान द्यायचा. खालच्यांना गप्प करणारी गोष्ट त्याने वरच्यांवर रोखली.

करिंथच्या संग्रहालयात आज मातीच्या अवयवांची रास आहे: हात, पाय, कान, डोळे, स्तन. आरोग्यदेव आस्क्लेपियसाच्या मंदिरात बरे झालेल्यांनी ते वाहिले होते, बांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत भाविक मेणाचे हातपाय वाहतात तसेच. ते इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातले आहेत, म्हणजे पौलाच्या खूप आधीचे. त्यावरूनच त्याला शरीराचं उदाहरण सुचलं असं काही जण उत्साहाने सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं. मात्र त्याच मंदिराला लागून भोजनाच्या खोल्या होत्या, प्रत्येकीत अकरा कोच, आणि देवाच्या नावाने कापलेलं मांस खायची ती नेहमीची जागा. मांसाचा वाद हवेत नव्हता हे तिथे उभं राहिलं की पटतं.

आता तेरावा अध्याय. बारावा संपताना पौल म्हणतो की याहून चांगला मार्ग दाखवतो, आणि सूर बदलतो. तो इतका बदलतो की हा भाग आधी वेगळा लिहून इथे घातला असावा, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली. या अध्यायात देवाचं नाव येत नाही, ख्रिस्ताचंही नाही. पत्रातल्या सर्वांत धार्मिक वाटणाऱ्या उताऱ्यात हे घडावं हे चमत्कारिक आहे.

सुरुवात तो स्वतःपासून करतो. समजा मी माणसांच्याच काय, देवदूतांच्याही भाषा बोललो. समजा सगळी रहस्यं मला उलगडली, डोंगर हलवणारा विश्वास माझ्याकडे आला. समजा असलेलं सारं वाटून टाकलं आणि देहही दिला. प्रत्येक वेळी तो दानाला त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणतो आणि मग प्रीती वजा करतो. बाकी शून्य. पहिल्या उदाहरणात तो काशाचा आवाज आणतो, पोकळ आणि कर्कश. करिंथचं कांसं साऱ्या साम्राज्यात नावाजलेलं होतं, आणि झांजांचा गजर तिथल्या लोकांनी देवीच्या मिरवणुकांत ऐकलेला होता. ऐकणाऱ्यांना टोला कुठे बसला हे लगेच कळलं असणार. गरिबांना सर्वस्व वाटणं हेही या यादीत आहे याकडे मात्र वाचकांचं दुर्लक्ष होतं. दानधर्मसुद्धा प्रीतीविना असू शकतो, हे फरसबंदीवर नाव कोरणाऱ्या शहराला सांगायलाच हवं होतं.

मधल्या भागात प्रीतीचं वर्णन आहे. मूळ ग्रीकमध्ये ती विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत, पंधरा. त्यांतली आठ नकारार्थी आहेत, आणि ती वाचताना पत्राचे आधीचे अध्याय हाताशी ठेवले तर काय दिसतं? हेवा करत नाही: तिसऱ्या अध्यायात पौल त्यांना सांगतो की तुमच्यात हेवा आणि कलह आहे. फुगत नाही: फुगण्याचा आरोप चौथ्या, पाचव्या आणि आठव्या अध्यायांत आलेला आहे. आपलंच बघत नाही: हीच सूचना दहाव्यात मांसाच्या संदर्भात. अपकारांचा हिशेब ठेवत नाही: सहाव्यात कोर्टकचेऱ्या. अन्यायात आनंद मानत नाही: पाचव्यात ते बापाच्या बायकोचं प्रकरण. प्रीती काय करत नाही याची ही यादी म्हणजे करिंथची मंडळी काय करत होती त्याचं आरोपपत्र आहे. घरात गोळा झालेल्यांसमोर पत्र मोठ्याने वाचलं जायचं. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ते तिथेच बसलेले असायचे.

लिहिणाराही काही शांत स्वभावाचा नव्हता. याच पत्रात तो विचारतो की छडी घेऊन येऊ की प्रीतीने येऊ. बर्णबा हा त्याचा जुना सोबती. योहान मार्काला प्रवासात न्यायचं की नाही यावरून दोघांत असा खटका उडाला की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे. चिडत नाही हे क्रियापद लिहिताना त्याच्या मनात कोण होतं कोण जाणे.

शेवटच्या भागात दानांचं आयुष्य मोजलं जातं. संदेश संपतील, भाषा थांबतील, विद्या निकामी होईल, कारण ही सगळी अर्धवट आहेत. पूर्ण आलं की अर्धवटाची गरज उरत नाही. इथे दोन उदाहरणं येतात, मोठं झाल्यावर लहानपण मागे टाकणारा माणूस आणि आरशातलं अस्पष्ट रूप. तेव्हाचे आरसे घासलेल्या काशाचे होते. काही प्रॉटेस्टंट पंथ या भागाचा असा अर्थ लावतात की पूर्ण म्हणजे लिहून पूर्ण झालेला नवा करार. तो हाती आल्यावर चमत्कार आणि अन्य भाषा बंद झाल्या. हा अर्थ मला ताणलेला वाटतो. पौल समोरासमोर पाहण्याबद्दल बोलतो आहे, ग्रंथाबद्दल नाही. त्याला दानं उद्याच बंद करायची असती तर चौदाव्या अध्यायात ती कशी वापरावीत याचे नियम घालत बसला नसता.

हा चौदावा अध्याय लग्नात कुणी वाचत नाही, आणि तेराव्याचा खरा अर्थ तर तिथेच कळतो. सभेत अन्य भाषा बोलायच्या तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा असेल तरच. नसेल तर मनातल्या मनात देवाशी बोला. बाहेरचा माणूस आत आला आणि सगळे एकदम न कळणारं बोलू लागले तर तो तुम्हाला वेडे म्हणेल. मंडळीत न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्याला शिकवणारे पाच समजणारे शब्द मला बरे, असं पौल म्हणतो. अध्यायाच्या शेवटी तो आठवणीने बजावतो की अन्य भाषांना मनाई करू नका. प्रीती इथे भावना राहत नाही, सभेच्या कामकाजाची पद्धत होते: एकाने थांबायचं, दुसऱ्याला बोलू द्यायचं, शेजाऱ्याला कळेल असं बोलायचं.

करिंथकर सुधारले का? सुमारे चाळीस वर्षांनी, इ.स. 96 च्या आसपास, करिंथला पुन्हा पत्र आलं, या वेळी रोमच्या मंडळीकडून. ते क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं. कारण? करिंथमध्ये काही जणांनी वडीलधाऱ्यांना पदावरून काढलं होतं. क्लेमेंट त्यांना पौलाचं पत्र काढून वाचायला सांगतो आणि स्वतःही प्रीतीवर दोन अध्याय लिहितो.

पुढे हा अध्याय ज्याच्या हाती गेला त्याने तो आपापल्या भांडणात वापरला. उत्तर आफ्रिकेत छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंवरून चर्च फुटलं. स्वतःला शुद्ध मानणारे दोनातपंथी वेगळे झाले. इ.स. 400 च्या सुमारास ऑगस्टीनने त्यांना सांगितलं की तुमचा बाप्तिस्मा खरा आहे, पण ऐक्य मोडून तुम्ही प्रीती मोडली, म्हणून त्या दानाचा तुम्हाला उपयोग नाही. युक्तिवाद पौलाच्या जवळचा आहे. पण याच ऑगस्टीनने नंतर दोनातपंथीयांवर सरकारी सक्ती करायला पाठिंबा दिला आणि त्यालाही प्रीतीच म्हटलं. शत्रूच्या भल्यासाठी त्याला चोप देणारी ही प्रीती ख्रिस्ती इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. सोळाव्या शतकात लूथरची अडचण वेगळी होती. केवळ विश्वासाने तारण होतं असं तो म्हणत असताना, विश्वास असून प्रीती नसेल तर काहीच नाही असं इथे लिहिलेलं. त्याने उत्तर दिलं की इथला विश्वास म्हणजे चमत्कार करणारा विश्वास, तारणारा नव्हे. संदर्भ पाहता यात तथ्य आहे, कारण डोंगर हलवण्याचा उल्लेख त्याच वाक्यात आहे. पण कॅथलिक पक्षाचं समाधान झालं नाही.

या दानांसारख्या योगशास्त्रातही सिद्धी असतात आणि त्यांच्याबद्दल सावध केलेलं असतं. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाची गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. तरी फरक आहे. पतंजलीच्या दृष्टीने सिद्धी समाधीच्या वाटेतला अडथळा, साधकाला स्वतःच्या ध्येयापासून ढळवणारा. पौलाला दान अडथळा वाटत नाही, ते हवंच आहे, सर्वांनी मागावं असं तो म्हणतो. त्याचा आक्षेप एवढाच की ते दुसऱ्याच्या पदरात पडत नाही.

लग्नात हा अध्याय वाचला जातो, अंत्यविधीतही. 6 सप्टेंबर 1997 रोजी राजकन्या डायानाच्या अंत्यविधीत तो पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी वाचला. संगीतकार ब्राम्सने 1896 मधल्या आपल्या चार गंभीर गीतांपैकी शेवटच्याला यातलेच शब्द घेतले. पण दान विरुद्ध प्रीती हा मूळ वाद पुन्हा जिवंत झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्यातलं एक ठिकाण पुणे जिल्ह्यात आहे.

एप्रिल 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. सभांत लोक अन्य भाषा बोलू लागले. मोलकरणी, हमाल, गोरे, काळे, मेक्सिकन एकत्र गुडघे टेकून बसायचे, तेही अमेरिकेत रंगभेदाचे कायदे कडक असताना. सीमोर ज्याच्याकडे शिकला तो गोरा चार्ल्स पार्हम त्याच ऑक्टोबरात सभा बघायला आला आणि काळ्यागोऱ्यांची ती सरमिसळ बघून भडकला. अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, हा सिद्धांत पार्हमचा. सीमोर हळूहळू त्यापासून दूर गेला. जो रागावतो, दुसऱ्याची निंदा करतो, त्याला कितीही भाषा येत असल्या तरी तो बाप्तिस्मा त्याला मिळालेला नाही, अशा आशयाचं लिखाण त्याच्या सभांच्या वृत्तपत्रातून छापलं गेलं.

त्याच्या आदल्या वर्षी, जून 1905 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये असंच काहीसं घडलं होतं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून वाचवून आणलेल्या शेकडो मुली तिथे होत्या. या मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने पापं कबूल करू लागल्या, सगळ्या एकदम प्रार्थना करू लागल्या. पुढच्या काळात काही जणी अन्य भाषाही बोलल्या. अनेक मिशनऱ्यांना हा गोंगाट असह्य झाला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. भारतीय माणसाला देवाने जसा घडवला आहे तसंच त्याचं आत्मिक जागरण होऊ द्यावं, त्यावर पाश्चात्त्य शिस्त लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. मात्र अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव, आवश्यक खूण आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनीही जागरणावरच्या आपल्या पुस्तिकेच्या 1906 च्या सुधारित आवृत्तीत या अनुभवांचं समर्थन केलं. ती पुस्तिका त्यांनी चिलीतल्या एका मैत्रिणीला धाडली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीचं एक मूळ त्या टपालात आहे.

रमाबाईंना चर्चच्या मतांपुढे मान तुकवणं जमत नसे; वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींशी त्यांनी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातले. पण ख्रिस्ताकडे त्यांना खेचलं ते वादाने नव्हे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्याच भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठीचं घर दाखवलं. अशा स्त्रियांना इतक्या मायेने वागवणारं कुणी त्यांनी आधी पाहिलं नव्हतं, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. केडगावात त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन बांधलं.

दानांची म्हणाल तर रमाबाईंना त्यांची उणीव नव्हती. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणापासून मुखोद्गत होते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कन्नड, बंगाली, हिंदी, इंग्रजी त्यांना येत होत्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणायला बसल्या. आधीचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या भाषांतरावर विद्वान फारसे खूश नव्हते. शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहाने वाक्यं ठिकठिकाणी अडखळतात. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या तेव्हा मजकूर तयार होता. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सारं मिशनच्या छापखान्यात दुष्काळातून आलेल्या बायकांनी केलं, आणि पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं.